एका आण्याचे पैसे किती?

संशय आला तो ऊर्मीच्या एका वाक्याने, आणि तोही ऐन जेवताना. तोवर वसंतरावांच्या मनात राममूर्तींबद्दल काडीइतकाही किंतु नव्हता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर पुढचं ऐकून तुम्ही म्हणाल, म्हातारा मुळातच खट होता. खट होताच तो थोडा. पण संशयी नव्हता.

ऊर्मी म्हणजे नात, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. एका हातात फोन, दुसऱ्या हातात पोळीचा तुकडा, असं तिचं जेवण. ती म्हणाली, "आजोबा, तुमचे ते राममूर्ती ताता काय भारी आहेत हो! त्यांच्या लहानपणी पैशाला मधोमध भोक असायचं म्हणे. आणि त्यांची अक्का लिमलेटची गोळी परकरात गुंडाळून चिमणीच्या दातांनी तोडायची आणि अर्धी त्यांना द्यायची. सो स्वीट ना? तुमच्या लहानपणी असलं काही नव्हतं का?"

वसंतरावांचा घास हातातच राहिला.

"कुठे ऐकलंस हे?"

"संयुक्ताने व्हिडिओ टाकलाय, सोसायटीच्या ग्रुपवर. दर शनिवारी टाकते. ताताच्या, म्हणजे तिच्या आजोबांच्या, गोष्टी. हा आठवा आहे."

आठवा! वसंतरावांनी पाणी प्यायलं. मग आणखी पाणी प्यायलं. सून रुचिराने विचारलं, भाजी तिखट झाली का. ते म्हणाले, नाही, भाजी बरी आहे.

कारण ती अक्का राममूर्तींची नव्हतीच. ती वसंतरावांची होती. फलटणची, पाठीवर दोन वेण्या सोडलेली, त्यांच्याहून पाच वर्षांनी मोठी सख्खी बहीण. भोकाचा पैसा तिचा, परकर तिचा, चिमणीचे दातही तिचेच. सोळाव्या वर्षी विषमज्वराने गेली. त्यानंतर घरात तिचं नाव कुणी काढलं नाही, आईला सोसवत नसे म्हणून. आई गेली, वडील गेले, आणि आता अख्ख्या जगात अक्काला पाहिलेला एकच माणूस उरला होता. तो चेन्नईत शोळिंगनल्लूरच्या या चौदाव्या मजल्यावर दहीभात कालवत बसला होता.

वसंतराव सत्तर सालच्या सुमाराला रेल्वेच्या डब्यांच्या कारखान्यात नोकरीला म्हणून मद्रासला आले. पेरांबूरला सगळी हयात काढली. निवृत्तीनंतर पत्नी विद्युलता होती तोवर बोलायला माणूस होतं. चार वर्षांपूर्वी ती गेली आणि मुलाने, मकरंदने, त्यांना आपल्या फ्लॅटवर आणलं. मकरंद सकाळी सिरुसेरीला ऑफिसला जातो तो रात्री येतो. घरात मराठी आहे, पण ती कामापुरती: औषध घेतलं का, दार लावून घ्या.

आणि मग त्यांना राममूर्ती सापडले. पुंगनच्या, म्हणजे आपल्या करंजाच्या, झाडाखालच्या बाकावर पेपर वाचत बसलेले. बँकेतून निवृत्त, तंजावरचे मराठी. मुलगा सिंगापूरला, सून तमिळ, नात संयुक्ता आठवीत. त्यांच्या घरी मराठी समजणारं कुणीच नव्हतं. राममूर्तींचं मराठी ऐकून वसंतरावांना पहिल्या दिवशी हसूच आलं होतं. पणजोबांच्या पत्रातलं असावं तसं, त्यात तमिळ हेल. पण होतं मराठी. तीन वर्षं रोज संध्याकाळी पाच ते सात हे दोघं त्या बाकावर. बोलायचे वसंतराव, ऐकायचे राममूर्ती. घरी कुणाला कधी सांगितलं नाही ते सगळं वसंतरावांनी त्या बाकावर सांगितलं. अक्कासुद्धा.

म्हणजे आपणच तिजोरीची किल्ली दिली, असं त्यांना रात्री वाटत राहिलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ऊर्मीकडून आठही व्हिडिओ पाहून घेतले. तमिळ त्यांना चांगलं समजायचं, पन्नास वर्षं काय फुकट गेली होती का! तर त्या आठांपैकी सहा गोष्टी चक्क त्यांच्या. वाण्याच्या दुकानातल्या काचेच्या बरण्या, संत्र्याच्या फोडीसारख्या लिमलेटच्या गोळ्या, गुडदाणी, म्हातारीचे केस, हातात धरला की तळवा थंड करणारा जाडजूड ढब्बू पैसा. फक्त फलटणच्या जागी तंजावर.

मकरंदला सांगितलं, तर तो लॅपटॉपमधून डोकं न काढता म्हणाला, "बाबा, त्या काळी सगळ्यांचं लहानपण सारखंच असणार. त्यांनाही अक्का असेल."

"नाही! एकुलता एक आहे असं त्यानेच सांगितलंय मला."

"मग चुलत असेल."

"आणि चिमणी? इथली पोरं त्याला चिमणी म्हणत नाहीत."

हे त्यांनी उगाच नव्हतं म्हटलं. सकाळीच खाली जाऊन गेटवरच्या वॉचमनला विचारलं होतं: खाऊ कापडात धरून दातांनी तोडतात, उष्टा होऊ नये म्हणून, त्याला तुमच्यात काय म्हणतात? वॉचमन हसून म्हणाला, काक्का कडि. कावळ्याचा चावा! लोणच्यावाल्या बाईंना विचारलं, त्याही म्हणाल्या कावळा. इस्त्रीवाल्याने तर फडकं दातात धरून दाखवलं, आणि तोही कावळाच म्हणाला. तंजावरकडे कावळा आणि राममूर्तींच्याच घरात तेवढी चिमणी? कुठेतरी पाणी मुरत होतं.

"बाबा, तुम्ही वॉचमनची उलटतपासणी घेतलीत?" मकरंदने आता मात्र डोकं वर काढलं.

"मग काय करू? माझ्या डोळ्यांदेखत माझी बहीण पळवतोय तो!"

मकरंदला वडिलांची बहीण ठाऊकच नव्हती. विचारावं असं त्याच्या मनात आलं असेल, पण तेवढ्यात त्याला कसलासा कॉल आला.

त्या दिवसापासून बाकावरच्या गप्पांचा नूरच पालटला. वरवर सगळं तेच, पण वसंतराव आता कान टवकारून बसायचे. राममूर्तींनी खिशात हात घातला, की काय काढतो बघायचे. फोन बाहेर आला, की गुपचूप टेप करतोय असं वाटायचं. पूर्वी ज्या गोष्टीचं कौतुक होतं, त्याच गोष्टीचा आता काटा झाला. हा माणूस असा मान किंचित तिरकी करून, एकेक शब्द टिपून का ऐकतो? "मग अक्का काय म्हणाली हो?" असं का विचारतो? पूर्वी वाटायचं, किती जीव लावून ऐकतो. आता वाटू लागलं, माल भरून घेतोय.

एकदा त्यांनी सहज विचारल्यासारखं केलं, "काय हो, तुमच्याकडे आण्याला गोळ्या किती यायच्या?"

राममूर्ती चष्मा पुसत म्हणाले, "ते दुकानावर असतं हो. आठवत नाहीं अत्तां." आणि लगेच विषय काढला तो डास फार झाल्याचा. हात तिच्या! गोळ्या किती यायच्या हे विसरतं का कुणी? माणूस स्वतःच्या लग्नाची तारीख विसरेल.

मग वसंतरावांनी सापळा लावला. आयुष्यभर रेल्वेच्या डब्याचे सांधे तपासलेला माणूस, त्यांना ठाऊक होतं, गळती शोधायची तर रंगीत पाणी सोडायचं. त्यांनी एक धादांत खोटी आठवण रचली. फलटणच्या रामाच्या रथाला एक साखरेचे पक्षी करणारा यायचा. एका चवलीला, म्हणजे दोन आण्यांना, त्याच्याकडून लाल पोपट घेतला. खायला जीव होईना म्हणून खिशात ठेवला, तर घरी येईस्तोवर पोपट वितळून सदऱ्याला चिकटला, आणि चड्डीला मुंग्या. रथ खरा होता, बाकी सगळी थाप. सांगताना त्यांना स्वतःलाच मजा वाटायला लागली. मुंग्यांचं तर त्यांना ऐन वेळी सुचलं.

राममूर्ती मान तिरकी करून ऐकत होते. गोष्ट संपल्यावर त्यांनी पेपरची घडी घातली. मग म्हणाले, "लाल पोपट. बेश आहे."

घे, गिळला गळ, असं वसंतराव मनात म्हणाले.

त्यानंतर दहा दिवसांनी, रविवारी, सोसायटीच्या हॉलमध्ये ज्येष्ठांचा कार्यक्रम होता. संयुक्ताच्या व्हिडिओंमुळे राममूर्ती आता नऊही इमारतींत प्रसिद्ध झाले होते, त्यामुळे मुख्य भाषण त्यांचं. वसंतरावांनी त्या दिवशी इस्त्रीचा सदरा घातला. वडिलांची तपकिरीची चपटी डबी खिशात टाकली. तिच्यात त्यांची सगळी नाणी होती: एक ढब्बू, एक नागमोडी कडेचा आणा, एक चवली आणि अक्काचा भोकाचा पैसा. पुरावा म्हणून. आज याचं बिंग फोडायचं, शंभर माणसांसमोर फोडायचं, मग मैत्री राहो की जावो. जाणारच होती म्हणा. पण या विचारानेही ते मागे हटले नाहीत, इतके पेटले होते.

हॉल भरला होता. मकरंद, रुचिरा, ऊर्मी तिसऱ्या रांगेत. व्यासपीठावर राममूर्ती, पांढरी वेष्टी नेसलेले, कपाळावर गंध, आणि शेजारी माइक धरून संयुक्ता. ती ताताकडे अशी बघत होती, की जणू चंद्रावर पहिलं पाऊल यांनीच ठेवलं.

राममूर्तींनी तमिळमध्ये सुरुवात केली, आणि तिसऱ्याच मिनिटाला आला तो! लाल पोपट. चवली आली, खिसा आला, मुंग्याही आल्या. हॉल खळखळून हसला. टाळ्या पडल्या.

वसंतराव उठले. कुणीतरी त्यांच्या हातात दुसरा माइक दिला, प्रश्न विचारायचा असेल म्हणून. तमिळ शब्द जुळवायला वेळ नव्हता. रागाच्या भरात तोंडून आलं ते मराठीच.

"राममूर्ती, एका आण्याचे पैसे किती?"

राममूर्तींनी दचकून पाहिलं. "सहा," ते म्हणाले.

"सहा? चार! आण्याचे चार पैसे, रुपयाचे चौसष्ट. सहा झाले ते नवे पैसे, सत्तावन्न सालानंतर. तुमच्या लहानपणी सहा कुठून आले हो? जुना पैसा हातात तरी धरला होतात का कधी?"

कुणाला काही कळलं नव्हतं, पण आवाज कळला होता. मकरंदने कपाळाला हात लावला. राममूर्तींनी संयुक्ताच्या हातातला माइक आपल्या छातीशी ओढून धरला. मग ते बोलू लागले, आपल्या त्या पत्रासारख्या मराठीत, शंभर माणसांसमोर, अगदी बाकावर बोलावं तसं.

"नाहीं हो. धरला नव्हता. मी पांच वर्षांचा असतां आईबाप गेले. मामानें नेऊन अन्नछत्रांत सोडलं. राजांनीं बांधलेलीं छत्रं तुम्हांस ठाऊक आहेत. तिथें दोन वेळ भात, वर्षास दोन धोतरं, शाळा, अस्क सगळं फुकट. पैसा कोणी दिला नाहीं, लागलाही नाहीं. दुकान बाहेरून पाहिलं. सतराव्या वर्षीं पहिला पगार आला, तेव्हां नवे पैसे होते. म्हणून सहा."

वसंतरावांच्या हातातला माइक खाली आला.

"संयुक्तास शाळेंत विचारलं, तुझ्या ताताने लहानपणीं काय विकत घेतलं? मी काय सांगूं? कांहीं घेतलंच नाहीं. पोरीचं तोंड एवढंसं झालं. मग तुमचं सांगितलं. एकदां सांगितलं, मग सोडवेना. चोरी करलों मी, वसंतराव."

"आणि तो पोपट?" वसंतराव कसेबसे म्हणाले. "तो तर..."

"खोटा होता. ठाऊक आहे."

"ठाऊक आहे?"

"त्यांत अक्का नव्हती हो. तुमच्या खऱ्या गोष्टींत अक्का नाहीं असं होत नाहीं. ऐकतांच कळलं, हा रचलेला आहे. मग म्हटलं, हा कोणाचाच नाहीं, तर हा मी घेतला तर चोरी होत नाहीं. एवढा एक तरी माझा असूं दे."

आता याला काय म्हणायचं? वसंतरावांना स्वतःची इतकी लाज वाटली, की खाली बसावं हेही सुचेना. ज्या माणसाला पकडायला जाळं टाकलं, त्याने ते जाळंच देणगी म्हणून पदरात घेतलं होतं.

"ताता," संयुक्ताने राममूर्तींचा हात हलवला. तमिळमध्ये, माइकमधूनच तिने विचारलं, "हे आजोबा काय म्हणतायत? तुम्ही काय सांगितलंत?"

राममूर्तींनी नातीकडे पाहिलं. मग वसंतरावांकडे. डोळ्यांत काही मागणं नव्हतं. तुमचा माल आहे, तुम्ही काय ते ठरवा, असं नुसतं पाहणं. पोरीने आपला प्रश्न आता वसंतरावांनाच विचारला, आणि शंभर माथी त्यांच्याकडे वळली. ते दोघं काय बोलले हे कळणारी त्या हॉलमध्ये आणखी तीनच माणसं होती, आणि ती तिन्ही घरची होती.

वसंतरावांनी घसा साफ केला. आपल्या कारखान्यातल्या तमिळमध्ये ते म्हणाले, "मी म्हटलं, साखरेचे पोपट लाल नसत, हिरवे असत. तर हे म्हणतात, म्हातारपणी माझी आठवण गेली. बरोबर आहे त्यांचं. लालच होते."

हॉल पुन्हा हसला. संयुक्ताने जोरात टाळ्या वाजवल्या. तिसऱ्या रांगेत ऊर्मी मात्र हसली नाही. ती फोन खाली ठेवून आजोबांकडे टक लावून पाहत होती.

घरी जाताना लिफ्टमध्ये तिने विचारलं, "आजोबा, ती अक्का तुमची होती?"

"हो."

"मग आम्हाला कधीच का नाही सांगितलंत?"

"घरी चल, सांगतो," एवढंच ते म्हणाले. त्या संध्याकाळी मकरंदनेसुद्धा फोन बंद करून ठेवला.

सोमवारी पाच वाजता राममूर्ती बाकावर आले नाहीत. सव्वापाच झाले, साडेपाच झाले. वसंतरावांना पुन्हा शंका खायला लागल्या: चिडला असेल, तोंड दाखवायला नको म्हणत असेल, नातीला खरं कळलं असेल. पावणेसहाला ते आले. नेहमीसारखे शेजारी न टेकता बाकाच्या टोकाला बसले.

"व्हिडिओ काढून टाकायला सांगतों तिला," ते म्हणाले. "कांहीं निमित्त सांगेन."

"कशाला?"

"अक्का तुमची आहे हो. फार हट्ट करते पोर. रोज निजतांना विचारते, अक्का कशी होती, वेण्या किती लांब होत्या. मी सांगतों, तुम्ही सांगितलं तेवढं. अक्का पुढें कुठें गेली, हें अजून सांगितलं नाहीं. तें मला सांगवेना."

पासष्ट-सहासष्ट वर्षांत अक्काला कुणी निजताना आठवलं नव्हतं. वसंतरावांनी स्वतः तरी आठवलं होतं का रोज? आणि इथे एक परकी पोरगी, मराठीचा एक शब्द न कळणारी, तिच्या वेण्यांची लांबी विचारून झोपत होती. त्यांना रडू आलं, आणि त्यांनी ते लपवलं नाही.

मग त्यांनी खिशातून तपकिरीची डबी काढली, भोकाचा पैसा राममूर्तींच्या तळव्यावर ठेवला आणि त्यांची बोटं मिटवली.

राममूर्तींनी मूठ उघडली. ऐंशी वर्षांच्या त्या माणसाने पैसा आधी उलटा केला, सुलटा केला, भोकातून झाडाकडे पाहिलं आणि मग करंगळीच्या टोकात अडकवला. कुणी न शिकवता, फलटणची पोरं अडकवायची तसाच.

"ह्यास काय येत असे?" त्यांनी हळूच विचारलं.

"दोन लिमलेटच्या गोळ्या. एक अक्काची, एक माझी. आणि वाणी खुशीत असला की वर तिसरी, ती अर्धी अर्धी." वसंतरावांनी सदऱ्याच्या बाहीने डोळे पुसले. "आणि ऐका, आण्याचे पैसे चार. चार! सांगायचंच आहे पोरीला, तर नीट सांगा. माझ्या बहिणीला हिशेबात चुकलेलं चालत नसे."